दहा बाय चौदाच्या खोलीत दोन ४०० चे फ्लॅश : दीड वर्ष वापरून मग लिहितोय

आधीच सांगून टाकतो, गोडॉक्स कंपनीचा एसके ४०० टू हा स्टुडिओत वापरायचा फ्लॅश लाईट चांगला आहे, पैसे वसूल आहेत, आणि तरीपण तुमची खोली माझ्या खोलीएवढी असेल तर घेऊ नका. आता ह्या दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या ते सांगायला जरा वेळ लागेल, चहा ठेवा.

माझी खोली कोल्हापुरात मंगळवार पेठेत, जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर. रुंदी १० फूट, लांबी १४ फूट, उंची साडेआठ, त्यात मधोमध तुळई खाली आलेली, म्हणजे तिथं आठच धरा. आधी मी लग्नाच्या ऑर्डरीच करायचो, रात्रभर हॉलमध्ये उभं राहून कंबर गेली तेव्हा ठरवलं की आता लोकांनी आपल्याकडं यायचं. येतात ते म्हणजे मेकअपवाल्या मुली पोर्टफोलिओसाठी, लग्नाच्या बायोडाटाचे फोटो काढायला आलेली पोरं-पोरी (सोबत एक मामा किंवा आत्या असतेच), वर्षाची बाळं आणि मधूनमधून तालमीतले पैलवान. कॅमेरा कॅनन ८० डी, लेन्स ५० आणि ८५ मिलिमीटरच्या. एवढ्यावर धंदा.

लाईट घेतले शाहूपुरीतल्या एका दुकानातून. ऑनलाईन थोडं स्वस्त पडत होतं पण मला पक्कं बिल आणि समोर बसलेला माणूस पाहिजे होता, आणि तो निर्णय किती बरोबर होता ते पुढं येईलच. दोन हेड (म्हणजे फ्लॅशचे दोन दिवे), ते कॅमेऱ्यावरून उडवायला एक ट्रिगर, १२० सेंटीमीटरचा ऑक्टाबॉक्स (उजेड मऊ करायला हेडपुढं लावायचा आठकोनी कापडी डबा), ३० बाय १२० चा स्ट्रिपबॉक्स (तसाच, पण लांबट) ग्रिडच्या जाळीसकट, दोन स्टँड. दुकानदारानं विचारलं होतं, भावा खोली केवढी आहे? मी म्हणलो खोलीचं सोडा, पॉवर जास्त असलेली बरी, कमी करता येते की. तो गप्प बसला. आता वाटतं त्यानं जरा भांडायला पाहिजे होतं माझ्याशी.

कारण कमी करता येत नाही. म्हणजे येते, पण एका हद्दीपर्यंतच. ह्या लाईटची पॉवर फुलपासून १/१६ पर्यंत खाली येते, त्याच्याखाली नाही. कागदावर बघितलं तर १/१६ म्हणजे किती कमी वाटतं ना? हिशोब करा. गाईड नंबर (ह्याला मीटरमधल्या अंतरानं भागलं की लेन्सचा एफ आकडा मिळतो) ६५ आहे, तो आयएसओ १०० ला, फुल पॉवरला, सोबत येणारा पत्र्याचा रिफ्लेक्टर लावून. १/१६ म्हणजे चार स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), गाईड नंबर चौथाईवर आला, सोळा धरा. एक मीटरवर नुसत्या रिफ्लेक्टरनं एफ १६. एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं आणि मागचं जास्त ब्लर. ऑक्टाबॉक्स लावला की आतला एक आणि बाहेरचा एक असे दोन पांढरे पडदे मिळून दोन-सव्वादोन स्टॉप खातात. माझ्याकडं लाईट चेहऱ्यापासून तीन फुटांवर असतो, तिथं सगळ्यात कमी पॉवरला मला एफ ७.१ मिळतं. त्याच्याखाली मी जाऊच शकत नाही. आणि मेकअपवाली मुलगी येऊन मोबाईलवर फोटो दाखवते, दादा मागं असं ब्लर पाहिजे, ते असतं एफ २ ला काढलेलं.

शटर वाढवून काही होत नाही हे नव्यांना सांगतो, मीपण सुरुवातीला तेच करत बसलो होतो. फ्लॅशचा उजेड इतक्या कमी वेळात येऊन जातो की शटर १/६० असो नाहीतर १/२००, फ्लॅशच्या उजेडात फरक नाही, फरक पडतो तो खोलीतल्या ट्यूबलाईटच्या उजेडात. आणि ८० डीला १/२५० च्या वर गेलं की फोटोत काळी पट्टी. ह्या कॅमेऱ्यात आयएसओपण १०० च्या खाली जात नाही. लाईट मागं सरकवावा तर खोलीच संपते, आणि मागं सरकवला की मऊपणा गेला, म्हणजे मग १२० चा ऑक्टाबॉक्स घेतलाच कशाला. शेवटी लेन्सवर एनडी ८ फिल्टर, म्हणजे गडद काच लावतो, तीन स्टॉप कापले जातात, एफ ७.१ चं २.५ होतं. चालतंय, पण व्ह्यूफाइंडर अंधारा होतो आणि फोकस चाचपडतो, मग हेडमधला सतत चालू राहणारा मॉडेलिंग लॅम्प फुल लावायचा, तो १५० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत दोन हेडचे मिळून ३०० वॉट म्हणजे नवरीचा मेकअप वितळायला घातल्यासारखं. लाईट विकत घ्यायचा आणि मग तो अडवायला काच विकत घ्यायची, असा हा आपला धंदा.

हा लाईटचा दोष नाही बरं का. तीस फुटांचा हॉल असेल, आठ माणसांचं कुटुंब उभं करायचं असेल तर ह्याच पॉवरचा जीव पाहिजे. चूक माझी. छोट्या खोलीत लाईट कमी पडत नाही, जास्त होतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं म्हणा.

आता चांगलं सांगतो, कारण चांगलं बरंच आहे. दीड वर्षात दोन्ही हेड एकदाही बंद पडले नाहीत. पहिला फोटो आणि दोनशेवा फोटो एकाच उजेडाचा, रंग इकडंतिकडं होत नाही, एडिटिंगला एकाला केलं की सगळ्यांना पेस्ट. रिसायकल, म्हणजे पुढच्या फ्लॅशसाठी परत चार्ज होणं, फुल पॉवरलासुद्धा सेकंदभरात होतं, आणि मी तर तळालाच असतो त्यामुळं पटापट. आत रेडिओ रिसीव्हर आहे, वेगळा लावायला लागत नाही, कॅमेऱ्यावर एक्स टू टी ट्रिगर बसवला आणि चॅनेल-ग्रुप जुळवला की विषय संपला. समोर बोवेन्स माउंट (बॉक्स अडकवायची ठरलेल्या मापाची रिंग) आहे, ही सगळ्यात मोठी गोष्ट, कारण ह्या माउंटचं सामान कुठल्याही गावात, कुठल्याही कंपनीचं मिळतं, सेकंडहँड पण मिळतं. लाईट कुठल्याही कंपनीचा घ्या, माउंट बोवेन्सच बघा.

एक गोष्ट नीट ऐका. ट्रिगर घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा सोबत न्या. आमच्या गल्लीतला एक पोरगा कॅनन १५०० डी घेऊन आला, दादा जरा एक फोटो काढू का तुमच्या लाईटवर. माझ्याकडचा जुना साधा ट्रिगर बसवला, फ्लॅश उडेचना. बॅटरी बदलली, चॅनेल बदलला, पोरगं घाबरलं की आपण काहीतरी मोडलं. मग हॉटशू, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच बघितली तर मधली मोठी पिनच नाही. १५०० डी, ३००० डी आणि २०० डी टू ह्या मॉडेलांना कॅननने ती मधली पिन दिलेलीच नाही, त्यामुळं एकाच पिनवर चालणारे साधे ट्रिगर आणि साधे फ्लॅश त्यावर उडत नाहीत. हेच कॅमेरे आपल्याकडं नवीन पोरं सगळ्यात जास्त घेतात. त्या मॉडेलवर चालणारा ट्रिगर मागा, दुकानातच उडवून बघा, मगच पैसे द्या.

आता मुख्य किस्सा. पहिला महिना मी मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घातल्या. फोटोत उजेडाकडची बाजू झकास आणि सावलीतला गाल हिरवट, कावीळ झाल्यासारखा. व्हाइट बॅलन्स बदलून बघितला, सावली सुधारली की उजेडातली बाजू गुलाबी. दोन हेडची अदलाबदल केली, तरी तेच. शेवटी दोन्ही हेड पिशवीत भरले आणि दुकानात गेलो, की एक हेड खराब आहे, हिरवा मारतोय. त्यानं दोन्ही लावले, पांढऱ्या कागदावर फोटो काढले, लॅपटॉपवर शेजारीशेजारी दाखवले, एकसारखे. मग शांतपणे विचारलं, ‘भावा, खोलीला रंग कुठला दिलायस?’

पोपटी. आईनं मागच्या दिवाळीला हौसेनं काढून घेतला होता.

दहा फुटांच्या खोलीत ऑक्टाबॉक्सचा उजेड चेहऱ्यावरून पुढं जाऊन तीन-चार फुटांवरच्या भिंतीवर आपटतो आणि तिथून भिंतीचा रंग घेऊन परत येतो, सावलीच्या बाजूनं. म्हणजे मला वाटत होतं माझ्याकडं दोन लाईट आहेत, प्रत्यक्षात सहा होते, चार भिंती धरून, आणि त्या चारांना बंद करायचं बटण नाही. हे कळल्यावर डोकं जरा ठिकाणावर आलं. मोठ्या स्टुडिओचे व्हिडिओ बघून आपण त्यांच्यासारखं लाईट लावतो पण त्यांच्या भिंती वीस फुटांवर असतात, तिथं गेलेला उजेड परत येत नाही. आपल्याकडं येतो. म्हणून आपले फोटो सपाट दिसतात, सावली धुतल्यासारखी, आणि आपण समजतो लाईट हलका आहे, अजून भारी घेऊया.

दोन लांब भिंती गडद राखाडी करून घेतल्या, मॅट फिनिशमध्ये, चकाकणारा रंग अजिबात नको. छत काळं करायला निघालो होतो, पण आई म्हणाली घराला सुतक लागल्यासारखं दिसतंय, आधी भिंती झाल्या ते पुरे नाही का. मग छताखाली तार ओढून त्यावर काळं कापड सरकवायची सोय केली, काम असलं की ओढायचं, नसलं की गुंडाळून ठेवायचं. कापड लक्ष्मीपुरीतनं आणलं, जाड, बिनचमकीचं. ह्या कापडानं आणि त्या रंगानं माझे फोटो जेवढे सुधारले तेवढे दोन्ही लाईट मिळून सुधारले नव्हते, हे मी छातीठोक सांगतो.

ह्याच्या जोडीला सनबोर्ड, म्हणजे जाहिरातवाले वापरतात तो हलका ताठ बोर्ड. पूर्वी थर्माकोलच्या शीट वापरायचे, २०१८ च्या बंदीनंतर तो मिळवत बसण्यापेक्षा फ्लेक्सवाल्याकडनं सनबोर्डचे उरलेले मोठे तुकडे घ्या, एका बाजूनं पांढरा राहू द्या, दुसऱ्या बाजूला मॅट काळा मारा. दोन तुकडे मागून चिकटपट्टीनं जोडले की पुस्तकासारखे उभे राहतात. पांढरी बाजू गालाकडं केली की सावली उचलली जाते, काळी केली की गाल खोल होतो. पाच-इन-वन रिफ्लेक्टरपण आहे माझ्याकडं, तो धरायला माणूस लागतो आणि गुंडाळताना तोंडावर उडतो.

सोन्याच्या दागिन्यांसाठी तर हा सनबोर्ड हुकमी. कोल्हापुरी साज घालून मुलगी बसली की पहिल्यांदा मला साजाच्या प्रत्येक मण्यावर पांढरा जळका ठिपका यायचा. सोनं म्हणजे आरसाच की, समोर जे असेल ते दाखवतं. ऑक्टाबॉक्स आणखी जवळ, अगदी फ्रेमच्या काठापर्यंत आणला तर ठिपक्याचा पसरट पट्टा होतो, आणि गळ्याच्या खालच्या बाजूला काळा बोर्ड आडवा धरला की मण्यांची खालची कड काळी होऊन सोनं पिवळं दिसायला लागतं, नाहीतर पितळ वाटतं. नथीला मात्र उलटं, तिथं मोत्याला पांढरा बोर्ड द्यायचा.

लाईट जवळ आणायचा आणखी एक फायदा आहे जो छोट्या खोलीत सोन्यासारखा आहे. उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो, दुप्पट लांब गेला की चौथाई. माणूस लाईटपासून तीन फुटांवर आणि मागची भिंत लाईटपासून नऊ फुटांवर असेल तर भिंतीवर नववा भाग पडतो, तीन स्टॉपच्या वर अंधार, म्हणजे राखाडी पडदा जवळजवळ काळा येतो. तोच लाईट माणसापासून सहा फुटांवर नेला, भिंत बारावर, तर चौथाई उजेड पडतो, पडदा गडद राखाडी. एकाच राखाडी पडद्यात तीन-चार रंग निघतात, पडदे बदलत बसायला नको.

उंचीचं काय करायचं हा आमच्यासारख्यांचा खरा त्रास. १२० चा ऑक्टाबॉक्स म्हणजे चार फूट उभा, साडेआठ फुटांच्या छताखाली त्याचा मध्य साडेसहा फुटांच्या वर जाऊच शकत नाही. पावणेसहा फुटांचा पोरगा उभा राहिला तर लाईट जवळजवळ डोळ्यासमोर, नाकाखाली सावलीच पडत नाही, चेहरा पोळपाटासारखा. उपाय सोपा, सगळ्यांना स्टुलावर बसवा. दीड फुटी स्टुलावर बसलं की डोळे चार फुटांच्या आसपास येतात आणि लाईटला वरून खाली बघायला जागा मिळते, नाकाची सावली गालाकडं खाली तिरकी पडते, डोळ्यात वरच्या बाजूला गोल चमक येते. मी आता घेतला असता तर ९५ चा घेतला असता, तीन फुटांवर असताना चेहऱ्याला तोसुद्धा भरपूर मोठा आहे.

८५ ची लेन्स पण अशीच हौसेनं घेतलेली. क्रॉप कॅमेऱ्यावर (८० डी सारख्या लहान सेन्सरच्या) तिनं डोक्यापासून कंबरेपर्यंत, म्हणजे तीनएक फूट उभी फ्रेम घ्यायची तर सव्वाअकरा फूट मागं जावं लागतं. चौदा फुटांत पडदा, पडदा आणि माणूस ह्यातलं अंतर, हे सगळं वजा करून मी जिन्यात उभा राहतो. ५० नं तीच फ्रेम पावणेसात फुटांत येते. ८५ फक्त क्लोजअपला.

आता सामानातलं वाईट. ऑक्टाबॉक्स दुसरा एक ऑनलाईन मागवला होता, छत्रीसारखा उघडणारा, कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन महिन्यांत एक काडी मुळातनं तुटली, आणि रिंग इतकी ढिली की हेड तिरकं केलं की बॉक्स मान टाकायचा. परत घ्यायला नकार, म्हणे वापरलेला आहे. वापरायलाच घेतला होता की बाबा. त्या बॉक्सचं कापड पण आता पिवळट पडलंय, पिवळं कापड म्हणजे पिवळा उजेड, दोन बॉक्स दोन रंगांचे झाले की एडिटिंगमध्ये डोकेदुखी. उघडायला सोपे बॉक्स घ्याच, पण दुकानात उघडून, मिटून, हलवून बघून घ्या.

स्टँड पण तसेच. हलका स्टँड अडीच किलोच्या वरचं हेड आणि पुढं लोंबणारा बॉक्स घेऊन उभा राहतो तो फक्त नशिबानं. एका बाळाच्या वाढदिवसाच्या शूटला बाळाचा चुलता मागं सरकला, पाय वायरीत, स्टँड झुकला, मी झेप घालून धरला, कोपर सोलून निघालं. बाळाला काय नाही, बाळ हसत होतं, आणि तो त्या दिवसाचा एकमेव हसरा फोटो हुकला. त्यानंतर तालमीतल्या पोरानं जुनी वजनाची प्लेट आणून दिली, ती स्टँडच्या पायावर अडकवतो. वाळूची पिशवी घरी शिवली तरी चालते, पण वजन पाहिजेच.

पण स्टँडचा खरा तोडगा मिळाला उद्यमनगरात. सी-स्टँड (जड स्टँड) आणि बूमचे (लाईट टांगायच्या आडव्या दांड्याचे) भाव बघून मी वहीत लाईटचं चित्र काढून एका फॅब्रिकेशनवाल्याकडं गेलो. भिंतीला प्लेट, प्लेटला दारासारखी बिजागरी, त्यातनं पाच फुटी इंची चौकोनी पाईप आडवा फिरणार, टोकाला लाईट. सगळं त्याला पटलं, फक्त टोकाच्या खुंटीपाशी अडला. ती खुंटी १६ मिलिमीटरचीच पाहिजे, पाच अष्टमांश इंच, सगळ्या लाईटचं ते ठरलेलं माप आहे, आणि स्क्रू बसायला त्यात खाच पाहिजे. त्यानं भरीव रॉड लेथवर लावला, माझं हेड तिथंच घालून बघितलं, काढलं, परत कणभर घासलं, परत घालून बघितलं, आणि खटकन बसल्यावर माझ्याकडं न बघताच म्हणला, ‘जर्मनीचा असंल तर असाच बसत असंल.’ आमची भिंत जुनी, मातीची जुडाई, त्यात फिशर धरत नाही, म्हणून आरपार बोल्ट घालून पलीकडच्या बाजूनं पण प्लेट मारली. पलीकडं स्वयंपाकघर, आईनं त्या प्लेटला उलथनं अडकवलंय. आता मधल्या जागेत स्टँडचे पाय नाहीत, वायर वरून जाते, माणूस खाली मोकळा फिरतो. ज्या गावात शंभरएक वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, तिथं एक ब्रॅकेट बनवून घ्यायला काय जातंय.

स्ट्रिपबॉक्स आणि ग्रिडबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. ग्रिड म्हणजे बॉक्सच्या तोंडावर लावायची कापडी चौकटींची जाळी, उजेड आजूबाजूला न सांडता सरळ पुढं जातो. बॉक्ससोबत फुकट आला म्हणून मी तो सहा महिने पिशवीतनं काढलाच नव्हता. मग एक पैलवान आला, कुस्तीच्या मैदानाच्या पोस्टरला फोटो पाहिजे होता. खोलीत आला आणि खोली संपली. साडेचार फुटी कापडी पडदा लावला तर दोन्ही खांद्यांच्या बाजूनं भिंत दिसायला लागली. पडदाच काढला, काळं कापड सोडलं. अंगाला तेल लावून आलेला, त्यामुळं समोरनं ऑक्टाबॉक्स मारल्यावर सगळं अंग एकसारखं चकाकायला लागलं, छाती आणि पोट एकच. मग ऑक्टाबॉक्स बंद केला, स्ट्रिपबॉक्स उभा, जरासा त्याच्या मागच्या अंगाला, ग्रिड लावून, आणि पलीकडं काळा सनबोर्ड. पहिला फोटो स्क्रीनवर आला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत एकेक गाठ वेगळी, बाकी अंधार. भिंतीवर उजेडाचा थेंब नाही.

तो खुश नाही झाला. म्हणला, ‘कान दिसना झालाय.’ कुस्तीत मोडलेला कान अंधारात गेला होता. मी म्हणलो चेहऱ्याची ही बाजू चांगली येते. म्हणला, ‘चेहऱ्याचं ऱ्हाऊ दे, कान दिसला पायजे, तीच आमची डिग्री हाय.’ मग सगळी मांडणी उलटी केली, स्ट्रिप त्या कानाच्या बाजूला आणला, आणि खरं सांगतो, त्या कानाच्या घड्यांवर जो काठाकाठानं उजेड बसला तसा मला आजपर्यंत कुठल्या नथीवर बसवता आलेला नाही. एक लाईट, एक जाळी. दुसरं हेड कोपऱ्यात बंद.

एलईडीचं पण सगळे विचारतात. मित्राचा ६० वॉटचा आठवडाभर आणून बघितला. सॉफ्टबॉक्समधून एफ २.८, १/१२५, आयएसओ ४०० च्या आसपास आरामात निघतं, म्हणजे जे एफ २.८ माझ्या फ्लॅशला एनडीशिवाय जमत नाही ते इथं सहज. दिसतं तेच येतं, बाळं दचकत नाहीत, रील्स काढता येतात, फ्लॅशवर व्हिडिओ होतच नाही. पण वर्षाचं पोर जागेवर बसत नाही, १/१२५ ला हात हलतो, फ्लॅशमध्ये तो गोठतो. आणि सतत डोळ्यावर उजेड असल्यानं काही जण डोळे बारीक करतात. स्वस्त एलईडी पॅनेल घेणार असाल तर एक चाचणी करा, शटर १/१००० वगैरे ठेवून पांढऱ्या भिंतीचे दहा फोटो काढा, आडवे पट्टे दिसले की दुकानातच ठेवून या. रंगाचं बघायला सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या वर पाहिजे, नाहीतर हळद लावलेली आणि न लावलेली नवरी सारखीच दिसते.

विजेचं थोडक्यात. जुन्या घराला अर्थिंग नव्हतं, हेडच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या. लाईटचा दोष समजू नका, आधी वायरमन बोलवा. स्वस्तातल्या घरगुती इन्व्हर्टरवर हे हेड चालवू नका, लाईट गेली की चहा घ्या. आणि हेड बिघडलं तर कुणी कितीही हुशार असला तरी घरी उघडू देऊ नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरसुद्धा जीव जाईल एवढा करंट साठलेला असतो. पावसाळ्यात महिनोनमहिने काम नसलं तरी अधूनमधून चालू करून थोडे फ्लॅश उडवा, कपॅसिटरला ते बरं असतं. सामान जमिनीवर ठेवू नका हे २०१९ चा पूर बघितलेल्या कोल्हापूरकरांना सांगायला नको.

तर घ्यायचं काय? माझ्याएवढी खोली असेल तर गोडॉक्सचेच दोन टीटी ६०० घ्या. कॅमेऱ्यावर लावायचेच साधे फ्लॅश, मॅन्युअल, चार पेन्सिल सेलवर चालणारे, पण पॉवर १/१२८ पर्यंत खाली जाते आणि आत तोच रेडिओ आहे, माझाच ट्रिगर त्यांना चालतो. त्यांना बोवेन्सचा ब्रॅकेट मिळतो, तेच बॉक्स बसतात. मॉडेलिंग लॅम्प नाही आणि फुल पॉवरला अडीच सेकंद थांबायला लागतं, पण दहा फुटांत फुल पॉवर लागते कुणाला. उरलेल्या पैशात बॉक्स चांगला घ्या, ग्रिड घ्या, कापड आणि रंग घ्या. खोली पंधरा फुटांच्या वर रुंद असेल, ग्रुप फोटो असतील, दिवसाला दोनशे-तीनशे फोटो असतील तर मात्र एसके ४०० टू डोळे झाकून.

पडद्यासाठी मांजरपाट आणा आणि एखाद्या जुन्या बोर्ड पेंटरला गाठा. मी ज्यांच्याकडून करून घेतला ते काका पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, फ्लेक्स आल्यापासून हात रिकामा. राखाडी, मातकट, मधोमध जरा उजळ, ढगासारखं. पहिला डिस्टेंपरमध्ये जाड मारला, गुंडाळल्यावर पापुद्रे निघाले, दुसरा त्यांनी इमल्शन पातळ करून मारला, तो अजून जसाच्या तसा आहे. घडी घालू नका, पाईपवर गुंडाळा.

आणि कागदाचा मोठा रोल, तो २.७२ मीटर रुंदीचा येतो, म्हणजे नऊ फुटाला इंचभर कमी. दहा फुटांच्या खोलीत बसतो, मी मोजलं होतं. जिना मोजला नव्हता. आमचा जिना लाकडी, मध्ये वळतो. शेवटी गॅलरीतनं दोरीनं वर घेतला, सगळी गल्ली बघायला, खालून एकजण विचारतोय काय कमान बसवताय काय. पांढरा आहे, पाच-सहा मीटर वापरलाय, बाकी कोरा. आता मला १.३५ चाच पुरतो, त्यामुळं हा द्यायचाय. कुणाला पाहिजे असेल तर येऊन घेऊन जा, दोघं जण या, दोरी माझ्याकडं आहे.